लोकशाहीर अण्णा भाऊ साठे



अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आताच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. जातिभेदामुळे त्यांची शाळा दीड दिवसातच सुटली. पोटासाठी भाऊराव व वालुबाई मुलांना घेऊन पायी मुंबईला आले. अण्णांनी हमाली केली, गिरणीत राबले, स्वतःच अक्षरे शिकले. 'माझी मुंबई' या लोकनाट्यातून त्यांनी कष्टकऱ्यांचा हक्क मांडला. १९५९ मध्ये 'फकिरा' ही कादंबरी आली. त्याच वर्षी अमेरिकेत लॉरेन हॅन्सबेरी यांच्या नाटकातून स्वतःच्या घरासाठी झगडणारे कृष्णवर्णीय कुटुंब रंगमंचावर आले. देश वेगळे, स्वप्न एकच : मानाने जगणे. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले.

पालकहो, सिल्वासात पोटासाठी आलेल्या एकाही घरातील मुलाची शाळा सुटू नये, ही विनंती.