बहिणीचं स्वयंपाकघर आणि मेंदूचा नकाशा

मागच्या महिन्यात बाळकुम नाक्यावर एका मुलीला फिट आली. क्षणात गर्दी जमली. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा आणायला धावलं. तिची आई मात्र ओढणीने लेकीचं तोंड झाकत होती, कुणी ओळखू नये म्हणून. घरी आले तरी ते दृश्य डोळ्यांपुढून हलेना. आणि आठवले डॉ. वाइल्डर पेनफिल्ड.

पेनफिल्ड यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतला. वडील डॉक्टर, पण दवाखाना नीट चालेना. शेवटी आई, जीन, मुलांना घेऊन माहेरी आली. वाइल्डर तेरा वर्षांचा असताना तिने ऱ्होड्स शिष्यवृत्तीबद्दल ऐकलं आणि मनाशी पक्कं केलं, ही माझ्या मुलाला मिळालीच पाहिजे. मिळाली! ऑक्सफर्डमध्ये शेरिंग्टन यांच्या हाताखाली त्यांना मेंदूच्या अभ्यासाचं वेड लागलं.

१९२८ मध्ये ते कॅनडात मॉन्ट्रियलला गेले. त्याच वर्षी त्यांची बहीण रूथ त्यांच्याकडे आली. कित्येक वर्षं तिला फिट्स येत होत्या. आता कळलं, मेंदूत मोठी गाठ आहे. ऑपरेशन भावानेच केलं. मेंदूचा पुढचा उजवा भाग बराचसा काढावा लागला, तरी गाठ पूर्ण निघाली नाही.

रूथ बरी होऊन घरी गेली. साधारण सव्वा वर्षाने पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. माणसं मोजकीच. सामान घरात होतं, प्रत्येक पदार्थ तिला येत होता. पण आधी काय करायचं, मग काय, हेच तिला जुळवता येईना. ती रडकुंडीला आली. भावाने ते पाहिलं आणि पुढे शास्त्रीय लेखात नोंदवलं. स्वयंपाकात काय एवढं, असं आपल्याला ऐकवलं जातं ना? कुकर होईस्तोवर कणीक मळायची, तेवढ्यात फोडणी, या साध्या मेळासाठी मेंदूचा केवढा भाग राबतो, हे रूथच्या ओट्यापाशी कळलं.

१९३१ मध्ये रूथ गेली. पण फिट्सच्या रोग्यांसाठी काही करायचंच, ही जिद्द मागे उरली. १९३४ मध्ये पेनफिल्ड यांनी मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभारली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून ते फक्त डोक्याची कातडी बधिर करून जाग्या रोग्याशी बोलत ऑपरेशन करत. विजेचा अगदी सौम्य स्पर्श करायचा आणि काय जाणवलं ते विचारायचं. कुणाचा अंगठा हले, कुणाला जुनं गाणं ऐकू येई. असा मेंदूचा नकाशा तयार झाला. त्यात ओठ आणि अंगठ्याला भरपूर जागा, आख्ख्या पाठीला मात्र चिमूटभर! त्यामुळे बोलणं, हालचाल सांभाळून फिट्सचं मूळ तेवढं काढता येऊ लागलं. त्यांच्या संस्थेत शिकलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला हे शास्त्र सुरू केलं.

आईचं अर्धवट राहिलेलं कादंबरीचं काम पेनफिल्ड यांनी उतारवयात पुरं केलं. १९७६ मध्ये ते गेले.

मैत्रिणींनो, आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट १९९९ मध्येच निघाली. मनातली कधी निघणार? फिट आली तर चप्पल नको, तोंडात चमचाही नको. कुशीवर वळवा, जवळच्या वस्तू बाजूला करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. आणि लेकीचं तोंड झाकू नका, तिला डॉक्टरकडे न्या.