वर्णभेदाची किंमत वाढवणारा वकील

फेब्रुवारी १९३५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीपुढे सामाजिक सुरक्षा विधेयकावर साक्षी सुरू होत्या. महामंदीने लक्षावधी कुटुंबांची रोजीरोटी हिरावून घेतली होती आणि वृद्धांना निवृत्तिवेतन, बेकारांना भत्ता देऊ करणारे रूझवेल्ट सरकारचे हे विधेयक पुरोगामी वर्तुळात वाखाणले जात होते. अशा वेळी नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल, म्हणजेच एनएएसीपी, या संघटनेच्या वतीने एक कृष्णवर्णीय वकील समितीपुढे आला आणि त्याने विधेयकाच्या हेतूविषयी फारसे न बोलता त्याच्या यंत्रणेवर बोट ठेवले. लाभ पगारावरील कराशी जोडलेला. मग बटाईने शेती कसणारी कुळे, शेतमजूर आणि मोलकरणी यांचे काय? देशातील कृष्णवर्णीय कामगारांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक याच कामांत होते. विधेयकात वर्णाचा उल्लेख नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती.

या वकिलाचे नाव चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. ऑगस्टमध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार स्पष्ट शब्दांत वगळलेले होते. दक्षिणेतील डेमोक्रॅट सदस्यांच्या दबावामुळे हे घडले, असे काही इतिहासकार मानतात. विखुरलेल्या छोट्या मालकांकडून कर गोळा करणे अशक्य असल्याची अर्थखात्याची तक्रारच निर्णायक ठरली, असे इतरांचे म्हणणे. राजधानीत फायली हाताळणाऱ्यांना यातला दुसरा युक्तिवाद अधिक ओळखीचा वाटेल. प्रशासकीय सोय आणि सामाजिक पूर्वग्रह एकाच दिशेने निघाले की व्याख्येचे एखादे कलम किती माणसे गिळते, हे ह्यूस्टन यांनी विधेयक कायदा होण्यापूर्वीच मांडले होते. ते ऐकले गेले नाही.

ह्यूस्टन यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. वडील विल्यम वकील. आई मेरी आधी शिक्षिका, पुढे केशभूषेचा व्यवसाय करणारी. राजधानीतील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचे हे सुस्थितीतले घर. १९१५ मध्ये अॅमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी घेऊन चार्ल्स यांनी हॉवर्ड विद्यापीठात इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. कायद्याकडे ते वळले लष्करामुळे. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे लेफ्टनंट म्हणून ते फ्रान्सला गेले. शत्रूपेक्षा स्वतःच्याच सैन्यातील गोऱ्या सैनिकांकडून होणारा अपमान आणि कृष्णवर्णीय सैनिकांना मिळणारा लष्करी न्याय त्यांनी जवळून पाहिला. परतल्यावर त्यांनी हार्वर्डच्या विधि महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेथील विख्यात विधिनियतकालिकाच्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय ठरले आणि १९२३ मध्ये त्यांनी डॉक्टरेटही मिळवली. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले फेलिक्स फ्रँकफर्टर हे त्यांचे गुरू.

वडिलांच्या कचेरीत वकिली करून त्यांना सुखाने जगता आले असते. परंतु १९२९ मध्ये हॉवर्डच्या विधि विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. नोकरदारांसाठी संध्याकाळी भरणारे हे महाविद्यालय त्यांनी पूर्णवेळ केले, प्रवेशाचे व परीक्षेचे निकष कठोर केले आणि १९३१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळवली. संध्याकाळचे वर्ग बंद झाल्याने दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांची वाट अडली, आणि त्याबद्दल त्यांच्यावर रोषही ओढवला. तो रोष निराधार म्हणता येणार नाही. मात्र १९३३ च्या तुकडीत पहिला आलेला थर्गुड मार्शल आणि दुसरा आलेला ऑलिव्हर हिल हे दोघे पुढील दोन दशकांच्या लढ्याचे मुख्य शिलेदार झाले. वकिलांची फौज उभी करण्यापूर्वी खटले उभे करणे व्यर्थ आहे, हा त्यांचा हिशेब होता.

खटल्यांसाठी पैसा आला तो गारलंड फंड या निधीतून. त्या पैशांतून नेथन मारगोल्ड या वकिलाने १९३१ मध्ये एनएएसीपीसाठी एक अहवाल तयार केला होता. १८९६ च्या प्लेसी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पण समान हे तत्त्व मान्य केलेले होते. प्रत्यक्षात दक्षिणेत वेगळे सर्वत्र होते, समान कोठेच नव्हते. मारगोल्ड यांना या विषमतेवर थेट घाव हवा होता. १९३५ मध्ये एनएएसीपीचे पहिले पूर्णवेळ पगारी वकील झालेल्या ह्यूस्टन यांनी तो आराखडा बदलून टप्प्याटप्प्याचा मार्ग पत्करला. तत्त्वाला हात न लावता त्यातील समान हा शब्द गंभीरपणे अमलात आणा, अशी मागणी न्यायालयात करायची. राज्यांना दोन व्यवस्थांचा पूर्ण खर्च सोसायला लावायचा. सुरुवात करायची ती उच्च व्यावसायिक शिक्षणापासून, कारण तेथे कृष्णवर्णीयांसाठी बहुतेक राज्यांत निकृष्ट सोयही नव्हती. शिवाय विधि महाविद्यालय म्हणजे काय हे न्यायाधीशांना समजावून सांगावे लागत नाही. गोरे पालक प्राथमिक शाळांविषयी जितके हळवे असत तितके काही मोजक्या वकिली शिकणाऱ्यांविषयी नसत, हेही गणित त्यात होतेच.

याला सर्वांची संमती नव्हती. ज्यांच्याशी १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी पत्रव्यवहार केला, ते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १९३४ मध्येच एनएएसीपीतून बाहेर पडले होते. मुलाचा तिरस्कार करणाऱ्या मिश्र शाळेपेक्षा आपल्या शिक्षकांची चांगली स्वतंत्र शाळा बरी, असे त्यांचे प्रतिपादन. १९५४ नंतर शाळा एकत्र होताना दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, हे पाहता डू बॉइस यांच्या शंकेला हसता येत नाही. ह्यूस्टन यांनाही समाजाच्या साथीवाचून खटला लंगडा असतो याची जाणीव होती. १९३४ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा घेऊन ते दक्षिण कॅरोलायनात फिरले आणि गोऱ्यांच्या पक्क्या शाळा व कृष्णवर्णीयांच्या खोपटांसारख्या शाळा त्यांनी चित्रित केल्या. विषमता आकड्यांत आणि चित्रांत नोंदवल्याशिवाय न्यायालयात उभे राहायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

पहिले यश मेरीलँडमध्ये आले. डोनाल्ड मरे या पदवीधराला राज्य विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयाने वर्णामुळे नाकारले होते. मार्शल यांच्यासह ह्यूस्टन यांनी जून १९३५ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयातून प्रवेशाचा आदेश मिळवला आणि जानेवारी १९३६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. त्यानंतर मिसुरी. तेथे लॉइड गेन्स या तरुणाला राज्याने शेजारच्या राज्यात शिकण्यासाठी शुल्क देऊ केले होते. सर्वोच्च न्यायालयात ह्यूस्टन बोलू लागताच न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, असे सांगितले जाते. १२ डिसेंबर १९३८ रोजी मुख्य न्यायमूर्ती ह्यूज यांनी सहा विरुद्ध दोन अशा बहुमताचा निकाल दिला: समान संधी देण्याचे कर्तव्य राज्याला आपल्या सीमेबाहेर ढकलता येत नाही. मिसुरीने मग घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधि महाविद्यालय काढले. आणि गेन्स? मार्च १९३९ मध्ये शिकागोतील मुक्कामाहून तो बाहेर पडला आणि पुन्हा कोणालाही दिसला नाही. तत्त्वाच्या लढाईत अशिलाला मोजावी लागणारी किंमत निकालपत्रात येत नाही.

त्याच सुमारास ह्यूस्टन वॉशिंग्टनला परतले आणि एनएएसीपीची धुरा मार्शल यांच्याकडे गेली. उत्तरार्धातील त्यांचे काम कामगारांचे आहे, आणि शिक्षणखटल्यांच्या तेजात ते उगाच झाकोळले जाते. बेस्टर स्टील हा रेल्वे इंजिनावरचा फायरमन. त्याच्या वतीने सर्व कामगारांच्या नावे करार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासदत्वही नाकारले होते आणि त्यांची कामेही काढून घेतली होती. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्यूस्टन यांचे म्हणणे मान्य केले: कायद्याने ज्या संघटनेला सर्वांचे प्रतिनिधित्व दिले, तिने सभासद नसलेल्यांचेही हित निष्पक्षपणे पाहिले पाहिजे. अमेरिकी कामगार कायद्यातील एक मूलभूत तत्त्व असे वर्णभेदाच्या खटल्यातून जन्माला आले.

१९४४ मध्येच रूझवेल्ट यांनी त्यांना समान रोजगार समितीवर नेमले होते. तेथे ते फार टिकले नाहीत. राजधानीतील ट्राम व बस चालवणारी कॅपिटल ट्रान्झिट कंपनी कृष्णवर्णीय चालक नेमत नव्हती. नोव्हेंबर १९४५ मध्ये संपामुळे सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा भेदभाव थांबवण्याचा आदेश काढण्याची समितीची तयारी होती. अध्यक्ष ट्रुमन यांनी तो रोखला. ह्यूस्टन यांनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. सरकारच्या समितीत बसून सरकारची लाज झाकण्याचे काम त्यांना मंजूर नव्हते.

वॉशिंग्टनमध्ये घरांच्या खरेदीखतांतच कृष्णवर्णीयांना विक्री न करण्याची अट असे. मे १९४८ मध्ये हर्ड विरुद्ध हॉज या खटल्यात अशी अट न्यायालयांनी अमलात आणता कामा नये, असा निकाल त्यांनी मिळवला. त्याच काळात गार्डनर बिशप या न्हाव्याच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या पालकांसाठी ते शहरातील शाळांचे खटले लढत होते. जुन्याच पद्धतीने, समान सोयींची मागणी करत. पण हृदयविकाराने गाठले. आजारी असताना त्यांनी बिशप यांना हॉवर्डमधील सहकारी जेम्स नॅब्रिट यांच्याकडे जाण्यास सुचवले. २२ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, ह्यूस्टन निधन पावले.

सहा आठवड्यांनी टेक्सासच्या विधि महाविद्यालयाविरुद्धचा खटला मार्शल यांनी जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती होऊन नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना व शेतमजुरांना त्यात जागा मिळाली, साक्षीनंतर पंधरा वर्षांनी. नॅब्रिट यांनी मात्र वॉशिंग्टनचा खटला हाती घेताना गुरुतुल्य सहकाऱ्याची पद्धत बाजूला ठेवली. समान सोयींचा मुद्दा त्यांनी मांडलाच नाही. वर्णानुसार वेगळी शाळा हीच घटनाबाह्य, एवढेच ते म्हणाले. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्याबरोबर त्याचाही निकाल लागला आणि राजधानीच्या शाळा सर्वांना खुल्या झाल्या.