शैली न लादणारे आचार्य : कै. नारायण श्रीधर बेंद्रे

होळकरांच्या इंदूर नगरीत जन्मास येऊन ज्यांनी अखिल भारतीय कीर्ती संपादन केली, अशा मराठी कलावंतांत कै. नारायण श्रीधर बेंद्रे यांचे स्थान फार वरचे आहे. चित्रकार म्हणून ते सर्वश्रुत आहेत. वडोदऱ्यास त्यांनी सोळा वर्षे केलेल्या अध्यापनाची थोरवी मात्र त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक असते.

बेंद्रे यांचा जन्म १९१० सालचा. कलेचे पहिले संस्कार त्यांच्यावर इंदूरच्या चित्रशाळेत झाले. १९२७ साली ही शाळा सुरू करणारे कै. दत्तात्रय दामोदर देवळालीकर विद्यार्थ्यांना चार भिंतींत कोंडून ठेवीत नसत. उघड्यावर बसून ऊन-सावली डोळ्यांनी जोखावी आणि मग रंगाला हात घालावा, अशी त्यांची शिस्त होती. मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर व बेंद्रे हे तिघेही याच गुरूंचे शिष्य. परंतु एकाचे चित्र दुसऱ्याच्या चित्रासारखे नाही. गुरूची खरी परीक्षा येथेच होते, आणि बेंद्रे यांच्या पुढील शिक्षणविचाराचे मूळही येथेच सापडते.

पुढे मुंबईची कलापदविका, काश्मीरमधील वास्तव्य, १९४५ साली शांतिनिकेतनात नंदलाल बसूंचा सहवास, १९४७-४८ मध्ये अमेरिकेचा प्रवास, असा बराच अनुभव गाठीशी बांधून ते १९५० साली वडोदऱ्यास आले. कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता यांच्या कारकीर्दीत महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा त्याच वर्षी निघाली होती. चित्रकलेला विद्यापीठाची पदवी मिळावी, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. पदवीधर चित्रकार काय करणार, अशी शंका घेणारे पालक त्या काळी थोडेथोडके नसावेत! हाताच्या कौशल्याबरोबर कलेचा इतिहास व सौंदर्यविचार यांचेही अध्ययन तेथे होऊ लागले. शिल्पकलेची धुरा शंखो चौधरी यांनी आणि चित्रकलेची बेंद्रे यांनी वाहिली.

महाविद्यालयीन विद्यार्थी हा लहान मूल नव्हे. त्याला स्वतःची आवडनिवड असते, हे बेंद्रे यांनी पक्के ओळखले होते. म्हणून माध्यमाच्या बाबतीत ते काटेकोर असत, अभिव्यक्तीच्या बाबतीत उदार. जलरंग कसा वाहतो, तैलरंगाचा थर कसा बसतो, हे ते विद्यार्थ्यांसमोर स्वतः चित्र रंगवून दाखवीत. ज्या गुरूचा हात इतका सराईत, त्याची नक्कल करण्याचा मोह शिष्यांना व्हावा हे स्वाभाविकच. परंतु नक्कल करावी तरी कशाची? गुरू स्वतःच एका शैलीत स्थिर नव्हते. निसर्गचित्रे, घनवादाच्या वळणाचे प्रयोग, अमूर्त रचना अशी त्यांची सतत वाटचाल चाले. १९५५ साली त्यांच्या ‘काटा’ या चित्रास राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तरी ते तेथेही थांबले नाहीत. या चंचलतेबद्दल समीक्षकांनी त्यांना दोष दिला आहे, आणि चित्रकार बेंद्रे यांच्यापुरता तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. शिष्यांच्या दृष्टीने मात्र ते वरदान ठरले.

त्यांच्या शिष्यवर्गाकडे पाहावे. ज्योती भट्ट मुद्राचित्रण व छायाचित्रणाकडे वळले. गुलाम मोहम्मद शेख चित्रकार आणि गुजरातीचे कवी झाले. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष तंत्रमार्गी चित्रांसाठी ओळखले गेले, तर रतन परिमू कलेतिहासाचे अध्यापक झाले. हकू शाह लोककलेत व आदिवासी कलेत रमले.

१९५९ साली बेंद्रे विद्याशाखेचे प्रमुख झाले. अधिकाराबरोबर कारभाराचे ओझेही आले. १९६६ साली त्यांनी ते पद सोडले आणि मुंबईस येऊन पूर्णवेळ कुंचला हाती धरला. बारीक ठिपक्यांतून साकारलेली त्यांची प्रसिद्ध चित्रे या उत्तरायुष्यातली. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा नवे वळण घेतले, हे विशेष.

१९६९ साली पद्मश्री व १९९२ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. त्याच १९९२ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचे देहावसान झाले. बॉम्बे आर्ट सोसायटीने तरुण चित्रकारांसाठी ठेवलेल्या शिष्यवृत्तीस बेंद्रे आणि हुसेन या देवळालीकरांच्या दोन शिष्यांची नावे जोडून दिलेली आहेत.