राष्ट्राचा सेवक : फादर होसे मारिया मोरेलोस

मेक्सिको देशाच्या नकाशावर मोरेलिया नावाचे शहर आणि मोरेलोस नावाचे राज्य आपणांस आढळेल. ही दोन्ही नावे एका धर्मगुरूच्या स्मरणार्थ ठेवलेली आहेत. या धर्मगुरूस ख्रिस्तसभेने बहिष्कृत केले, धर्मन्यायपीठाने पाखंडी ठरविले आणि स्पॅनिश राजसत्तेने राजद्रोही म्हणून गोळ्या घातल्या. त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांतच, १८२८ साली, त्यांच्या जन्मनगरीने आपले जुने नाव टाकून त्यांचे नाव धारण केले.

फादर होसे मारिया मोरेलोस यांचा जन्म ३० सप्टेंबर १७६५ रोजी वायादोलिद या नगरीत झाला. आजचे मोरेलिया ते हेच. वडील सुतार होते, तर आई एका शाळामास्तरांची कन्या. मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता व ‘नवा स्पेन’ या नावाने ओळखला जात असे. स्पेनमध्ये जन्मलेले लोक सर्वांत वर, त्यांच्याखाली या देशात जन्मलेले गोरे, त्याखाली मिश्र रक्ताचे, आणि तळाशी मूळ रहिवासी व आफ्रिकेतून आणलेले गुलाम, अशी तेथील उतरंड होती. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी समाजव्यवस्था आपणांस समजावून सांगावी लागू नये. मोरेलोस मिश्र वंशाचे होते. तरुणपणाची वर्षे त्यांनी शेतावर राबण्यात आणि मालवाहू खेचरांचे तांडे हाकण्यात घालविली. दक्षिणेकडील डोंगरवाटा त्यांच्या पायांखालच्या झाल्या त्या याच काळात.

वयाच्या पंचविशीत ते वायादोलिदच्या सान निकोलास विद्यालयात शिकावयास गेले. तेथे फादर मिगेल इदाल्गो हे प्राचार्य होते. १७९७ साली मोरेलोस यांस गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे काराक्वारो हा उष्ण, दरिद्री व दुर्गम धर्मग्राम त्यांच्या वाट्याला आला. तेथे त्यांनी दहाबारा वर्षे सेवा केली. त्यांचे आयुष्य निर्दोष होते असे मात्र नाही. ब्रह्मचर्याचे व्रत त्यांच्याकडून पाळले गेले नाही, त्यांना मुले झाली. ही गोष्ट त्यांनी पुढे न्यायासनासमोर मान्यही केली.

१६ सप्टेंबर १८१० रोजी इदाल्गो यांनी दोलोरेस या गावी स्वातंत्र्ययुद्धाची हाक दिली. पुढच्याच महिन्यात मोरेलोस आपल्या जुन्या गुरूंना भेटावयास निघाले. सैन्याबरोबर धर्मसेवक म्हणून राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु इदाल्गो यांनी त्यांच्यावर निराळी कामगिरी सोपविली : दक्षिणेत सैन्य उभारावे व अकापुल्को बंदर जिंकावे. मोरेलोस काराक्वारोहून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर जेमतेम पंचवीस माणसे होती.

इदाल्गो यांच्यामागे प्रचंड जनसमुदाय होता, परंतु त्यास शिस्त नव्हती. १८११ च्या जुलैमध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला. मोरेलोस यांनी यापासून धडा घेतला. सैन्य लहान ठेवावे, शिस्तीत ठेवावे आणि लूट होऊ देऊ नये, हे त्यांचे धोरण होते. १८१२ साली क्वाउत्ला येथे सेनापती कायेहा याने त्यांना वेढा घातला. अन्न संपले, पाणी तोडले गेले, रोगराई पसरली. तरी बहात्तर दिवस नगर लढत राहिले, आणि २ मेच्या रात्री मोरेलोस वेढा फोडून बाहेर पडले. त्याच वर्षाअखेर त्यांनी वाहाका हे मोठे शहर जिंकले आणि १८१३ च्या ऑगस्टमध्ये अकापुल्कोचा किल्ला घेतला.

वाचकहो, याच सुमाराची एक घटना आपण विशेष ध्यानात घ्यावी. सप्टेंबर १८१३ मध्ये मोरेलोस यांनी चिल्पान्सिंगो येथे लोकप्रतिनिधींची सभा बोलाविली आणि तिच्यापुढे तेवीस कलमांचा मसुदा ठेवला. देश स्वतंत्र असावा, सार्वभौमत्व जनतेचे असावे, गुलामगिरी व जन्मभेद कायमचे नष्ट व्हावेत, छळ करून जबाब घेणे बंद व्हावे, श्रीमंतांची चैन व गरिबांचे दारिद्र्य दोन्ही कमी करणारे कायदे असावेत, अशी ती कलमे होती. सभेने त्यांना सरसेनापती निवडून राजपुत्रास शोभेल अशी पदवी देऊ केली. ती त्यांनी नाकारली आणि स्वतःस राष्ट्राचा सेवक म्हणविले.

त्यांनी वापरलेला स्पॅनिश शब्द आहे ‘सिएर्वो’. यशयाच्या ग्रंथातील परमेश्वराच्या सेवकासाठी स्पॅनिश बायबलमध्ये हाच शब्द येतो. मराठीत आपण ‘सेवक’ आणि ‘दास’ असे दोन शब्द योजतो. सेवक म्हणवून घेण्यात मान असतो, दास म्हणवून घ्यावयास कोणी सहसा तयार नसतो. ‘सिएर्वो’त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या माणसाने स्वतःसाठी नेमका हा शब्द निवडावा, यातच त्यांच्या मनाची ओळख पटते.

मात्र पदवी स्वीकारणे सोपे, तिला जागणे कठीण. १८१३ च्या डिसेंबरात जन्मनगरी वायादोलिदवर चाल करताना मोरेलोस यांचा दारुण पराभव झाला. त्यांचे उजवे हात, फादर मारियानो मातामोरोस, शत्रूच्या हाती सापडले. त्यांच्या मोबदल्यात मोरेलोस यांनी दोनशे स्पॅनिश कैदी सोडण्याची तयारी दाखविली, पण फेब्रुवारी १८१४ मध्ये मातामोरोस यांना ठार करण्यात आले. तेव्हा मोरेलोस यांनी सूड म्हणून त्या कैद्यांस मारण्याची आज्ञा दिली. वेदीवर ख्रिस्ताचे शरीर उचललेल्या हातांनी निःशस्त्र माणसांच्या मृत्यूचा हुकूम द्यावा, याचे समर्थन आपण करू शकत नाही, आणि करूही नये.

पराभवानंतर लोकसभेने त्यांचे अधिकार काढून घेतले. सैन्याच्या बळावर ते सभा मोडू शकले असते. तसे न करता त्यांनी सभेचा निर्णय मानला. २२ ऑक्टोबर १८१४ रोजी आपात्सिंगान येथे घोषित झालेल्या राज्यघटनेवर इतर प्रतिनिधींच्या बरोबरीने त्यांनी सही केली. पुढच्या वर्षी सभेस सुरक्षित स्थळी हलविण्याचे काम त्यांच्याकडे आले. ५ नोव्हेंबर १८१५ रोजी तेमालाका येथे शत्रूने गाठले, तेव्हा प्रतिनिधींना पुढे पाठवून ते स्वतः पिछाडीस लढत राहिले. सभा निसटली, मोरेलोस पकडले गेले.

मेक्सिको नगरीत धर्मन्यायपीठाने त्यांना पाखंडी ठरविले. अंगावर चढविलेली पवित्र वस्त्रे एकेक करून उतरवून त्यांचे गुरुपद काढून घेण्यात आले. चौकशीत त्यांनी क्रांतिकारकांच्या बळाविषयी काही माहितीही दिली. बंदिवासात माणूस किती एकाकी होतो, हे त्यावरून दिसते. २२ डिसेंबर १८१५ रोजी, नाताळ तीन दिवसांवर असताना, एकातेपेक येथे त्यांना गुडघ्यांवर बसवून पाठीत गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

१८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला. १८२३ साली त्यांच्या अस्थी मेक्सिको नगरीच्या कॅथेड्रलमध्ये सन्मानाने ठेवण्यात आल्या. १८२९ साली त्यांचेच सहकारी विसेंते गेरेरो यांनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने गुलामगिरी रद्द केली.

प्रिय वाचकहो, तलवार हाती घेणाऱ्या या धर्मगुरूचा न्याय आपण करावयाचा नाही. तो देवाच्या हाती आहे. मात्र जो मोठा होऊ इच्छितो त्याने सेवक व्हावे, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मंडळीच्या समितीत असो वा ग्रामपंचायतीत, आपणही स्वतःस सेवक म्हणवितो. अधिकार हाती असताना हा शब्द उच्चारणे अवघड नाही. ज्यांनी अधिकार दिला त्यांनीच तो परत मागितला, तर तो निमूटपणे खाली ठेवून त्यांच्याच रक्षणासाठी पिछाडीस उभे राहणे आपणांस जमेल काय? मोरेलोस यांच्या चरित्राने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न हाच आहे.