हृदयाची खरी वाट सांगणारे हकीम : इब्न अल-नफीस

विद्यार्थी मित्रहो, आपल्या हाताची मूठ मिटून पाहा. साधारण तेवढ्याच आकाराचे आपले हृदय असते. छातीत किंचित डावीकडे झुकलेला हा स्नायूंचा पंप मिनिटाला सुमारे ७० ते ७५ वेळा, म्हणजे दिवसाकाठी १ लाखाच्या आसपास ठोके देतो. त्यात चार कप्पे असतात. वर दोन कर्णिका आणि खाली दोन जवनिका. उजवी बाजू आणि डावी बाजू यांच्यामध्ये एक पडदा असतो. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या बाजूस येते आणि शुद्ध रक्त डाव्या बाजूने शरीरात जाते. मग मध्ये भिंत उभी असताना रक्त उजवीकडून डावीकडे जाते कसे?

आज शाळेतील मुलेही याचे उत्तर देतील. परंतु या प्रश्नाने एके काळी मोठमोठ्या वैद्यांना चकविले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा विख्यात ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याचे म्हणणे असे की, दोन जवनिकांमधील पडद्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त पलीकडे झिरपते. गॅलेनचा अधिकार एवढा मोठा होता की, हजार वर्षे हेच मत चालत राहिले. वैद्यकातील बादशहा समजले जाणारे इब्न सीना (९८० ते १०३७) यांच्या ‘अल-कानून’ या महाग्रंथातही या बाबतीत गॅलेनचीच परंपरा होती.

या मताला स्पष्ट शब्दांत नकार देणारे पहिले ज्ञात वैद्य म्हणजे अलाउद्दीन इब्न अल-नफीस.

त्यांचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कस परिसरात झाला. बाराव्या शतकात सुलतान नूरुद्दीन यांनी दमास्कसला मोठे रुग्णालय उभारले होते. तेथे रुग्णसेवेबरोबर वैद्यकाचे शिक्षणही दिले जाई. या परंपरेत, हकीम अद-दखवार यांच्या हाताखाली इब्न अल-नफीस शिकले. पुढे ते कैरोला गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. ते नुसते हकीम नव्हते. शाफिई फिक्हचे ते जाणकार होते आणि कैरोतील मसरूरिया मदरशात त्याचे अध्यापनही करीत. हदीस, व्याकरण आणि तर्कशास्त्र या विषयांवरही त्यांनी लेखन केले.

लिहिण्याचा त्यांना विलक्षण ध्यास होता. चरित्रकार सांगतात की, ते लिहावयास बसले म्हणजे बोरू आधीच तासून ठेवावे लागत आणि संदर्भग्रंथ न उघडता ते पाण्याच्या लोंढ्यासारखे लिहीत सुटत. एकदा हमामात स्नान चालू असताना ते मध्येच बाहेर आले, कागद व शाई मागवून नाडीवरील एक प्रकरण लिहून काढले आणि मग पुन्हा स्नानास गेले, अशीही कथा आहे. वैद्यकाचा ३०० खंडांचा ज्ञानकोश लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांपैकी ८० खंडांची शुद्ध प्रत तयार झाली, असे सांगतात.

परंतु त्यांचे नाव अमर करणारा ग्रंथ आकाराने लहान आहे. इब्न सीना यांच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर लिहिलेले हे भाष्य १२४२ पर्यंत तयार झाले होते. तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. या भाष्यात त्यांनी ठामपणे मांडले की, दोन जवनिकांमधील पडदा जाड व घट्ट आहे. त्यात दिसणारी छिद्रे नाहीत, तशी न दिसणारीही नाहीत. मग रक्ताला एकच वाट उरते. उजव्या जवनिकेतून ते रोहिणीवाटे फुप्फुसात जाते, तेथे हवेशी त्याचा संयोग होतो आणि मग ते शिरेवाटे हृदयाच्या डाव्या बाजूस येते. फुप्फुसात या दोन वाहिन्यांना जोडणाऱ्या बारीक वाटा असल्या पाहिजेत, हेही त्यांनी सांगितले. हृदयाच्या स्नायूचे पोषण त्याच्या अंगातच पसरलेल्या रक्तवाहिन्या करतात, असेही त्यांनी लिहिले.

त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. शरीअत आणि अंतःकरणातील दया यांमुळे आपण शरीरविच्छेदन टाळले, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. त्यांनी प्रत्यक्ष किती पाहिले असावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र पडदा जर बंद आहे, तर रक्ताने दुसरीकडूनच गेले पाहिजे, हा विचार त्यांनी शेवटपर्यंत नेला. सारेच त्यांना उमगले होते असे नाही. रक्त सबंध शरीरात चक्राकार फिरते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. फुप्फुसातील त्या बारीक वाटा, म्हणजेच केशवाहिन्या, १६६१ मध्ये मालपिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

पालकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इब्न अल-नफीस यांनी इब्न सीनांचा अनादर केला नाही. त्यांनी तो ग्रंथ आधी ओळ न् ओळ अभ्यासिला आणि मगच जेथे पटले नाही तेथे तसे लिहिले. त्याच ग्रंथाचा त्यांनी ‘मूजज’ हा सुटसुटीत संक्षेपही केला. तो एवढा लोकप्रिय झाला की, भारतातील युनानी हकीमही पिढ्यान्पिढ्या त्याचा अभ्यास करीत आले. दैव कसे पाहा, संक्षेप घरोघरी पोचला आणि नवा विचार सांगणारे भाष्य मात्र मागे पडले.

पुढे ते इजिप्तचे प्रमुख वैद्य झाले. सुलतान बैबर्स यांचे ते हकीम होते. १२८४ मध्ये सुलतान कलाऊन यांनी कैरोत भव्य मन्सूरी रुग्णालय बांधले. इब्न अल-नफीस यांनी आपले घर आणि सारा ग्रंथसंग्रह या रुग्णालयाला देऊन टाकला. अखेरच्या आजारात औषध म्हणून मद्य घेण्यासही त्यांनी नकार दिला, असे चरित्रकार सांगतात. १२८८ मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर शतकानुशतके त्यांचा हा शोध हस्तलिखितांत पडून राहिला. १९२४ मध्ये मुहियुद्दीन अत-ततावी या इजिप्शियन तरुणाने जर्मनीत शिकत असताना बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचले आणि त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हा कोठे जगाला हे नाव नव्याने कळले. एका विद्यार्थ्याने जुनी पोथी उघडून मन लावून वाचली, म्हणून हे घडले.

मित्रहो, परीक्षेच्या आधी हृदयाची आकृती पाठ करताना बाण कोठे वळतो ते नीट पाहा आणि तो तसाच का वळतो, हे शिक्षकांना विचारा. आणि पालकहो, मूल असा प्रश्न घेऊन आले तर त्याला उद्धट समजून गप्प बसवू नका. त्याच्याजवळ बसा, पुस्तक उघडा आणि उत्तर दोघे मिळून शोधा.