एका निर्वासित वकिलाने जगाला ‘जेनोसाइड’ हा शब्द कसा दिला?

मार्च १९२१. बर्लिनच्या रस्त्यावर एका आर्मेनियन तरुणाने तलत पाशाला गोळी घातली. लाखो आर्मेनियन लोकांच्या कत्तलीमागचा हा मुख्य सूत्रधार जर्मनीत निवांत राहत होता. खटला उभा राहिला तो मात्र त्या तरुणावर. (तो निर्दोष सुटला, ही गोष्ट वेगळी.)

पोलंडमध्ये शिकणाऱ्या राफाएल लेमकिन यांना हे पटेना. एकाला मारलं तर खून, मग लाखोंना मारणारा मोकळा कसा, असं त्यांनी प्राध्यापकांना विचारलं. शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर शेजाऱ्याने मध्ये पडू नये, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. सार्वभौमत्वाचा कायदा तेव्हा खरंच असा होता.

लेमकिन पुढे वॉर्सामध्ये सरकारी वकील झाले. १९३३ मध्ये त्यांनी माद्रिदच्या परिषदेसाठी एखादा समाज संपवणं हा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवा, असा प्रस्ताव लिहिला. त्यांना परिषदेला जाऊच दिलं नाही.

१९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि ज्यू असलेले लेमकिन निर्वासित झाले. लिथुआनियामार्गे स्वीडन, तिथून रशिया, जपान आणि १९४१ मध्ये अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ. स्वीडनमध्ये त्यांनी नाझींचे सरकारी आदेश गोळा केले. वेगवेगळे वाचले तर रुक्ष कागद, एकत्र वाचले तर अख्खा समाज पुसण्याची योजना. त्याच पुराव्यांवर १९४४ चं त्यांचं पुस्तक उभं राहिलं. ग्रीक ‘जेनोस’ म्हणजे वंश आणि लॅटिनमधून आलेलं ‘साइड’ म्हणजे हत्या, यांतून ‘जेनोसाइड’ तयार झाला. आपण सर्रास ‘नरसंहार’ म्हणतो, पण ‘वंशसंहार’ जास्त अचूक. कारण इथे आकड्यापेक्षा समाज नष्ट करण्याचा हेतू महत्त्वाचा.

युद्ध संपल्यावर कळलं की आईवडिलांसह घरची ४९ माणसं मारली गेली होती. न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात त्यांचा शब्द आला, निकालात आला नाही. मग त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे उंबरठे झिजवले. ९ डिसेंबर १९४८ ला करार मंजूर झाला.

पुढची वर्षं देशांना पत्रं लिहिण्यात आणि गरिबीत गेली. २८ ऑगस्ट १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये ते गेले. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. भारताने आदल्याच दिवशी कराराला मान्यता दिली होती. अमेरिकेला त्यासाठी १९८८ उजाडलं आणि या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात पहिली शिक्षा झाली १९९८ मध्ये, रवांडाच्या एका माजी महापौराला.