चाकू न लावता खडा फोडणारा सिव्हिआल
ठाणे, प्रतिनिधी – मुतखडा झालेल्या रुग्णाला ठाण्यात वा कल्याण-डोंबिवलीत आता सहसा मोठा छेद घ्यावा लागत नाही. दुर्बीण आणि लेझर हे शब्द घरोघरी परिचित झाले आहेत. नैसर्गिक मार्गाने आत शिरून खडा जागीच फोडण्याचे हे तंत्र मात्र दोनशे वर्षांपूर्वीचे. ते रुजविणारे शल्यविशारद झाँ सिव्हिआल यांचा जन्म १७९२ मध्ये फ्रान्सच्या डोंगराळ ऑव्हेर्न प्रांतात झाला.

पॅरिसमध्ये ते द्युप्युत्रां या नामवंत शल्यविशारदाच्या हाताखाली शिकले. त्या काळी मूत्राशयातील खडा चाकूनेच काढला जाई, तोही भूल न देता. सिव्हिआल यांनी मूत्रमार्गातून सरकणारी सरळ नळी सिद्ध केली. आत गेल्यावर तिच्या तीन नख्या उघडून खडा पकडीत आणि धनुकलीने फिरणारे गिरमिट त्याला पोखरून काढी. १३ जानेवारी १८२४ रोजी तज्ज्ञांसमक्ष त्यांनी हे उपकरण रुग्णावर वापरले. भूल येथेही नव्हतीच. पण रुग्ण बरा झाला.

पुढे श्रेयाचा वाद पेटला. लरूआ आणि अर्तलू या समकालीनांनीही शोधावर हक्क सांगितला. कल्पना अनेकांना सुचली असेल. सिव्हिआल यांचे वेगळेपण त्यांच्या हिशेबात आहे. नेकेर रुग्णालयात मूत्रविकारांचा स्वतंत्र विभाग सांभाळताना त्यांनी युरोपभरातील शस्त्रक्रियांची आकडेवारी जमविली. १८३५ मध्ये ती विज्ञान अकादमीपुढे आली. चाकूच्या शस्त्रक्रियेत शंभरातील सुमारे १९ रुग्ण दगावत होते, खडा फोडण्याच्या पद्धतीत सुमारे दोन. यावरही टीका झाली. सोपे खडे आणि सशक्त रुग्ण नव्या पद्धतीच्या वाट्याला आले, मग तुलना कशी करावी, असा आक्षेप होता. तो अगदीच निराधार नव्हता.

त्यांच्या हातालाही मर्यादा होत्या. बेल्जियमचे राजे पहिले लिओपोल्ड यांचा खडा त्यांच्याकडून पूर्णपणे निघाला नाही. १८६३ मध्ये ते काम त्यांच्याकडेच शिकून गेलेल्या हेन्री थॉम्पसन या इंग्रज शल्यविशारदाने तडीस नेले. १८६७ मध्ये सिव्हिआल यांचे निधन झाले. १८७८ मध्ये अमेरिकेत बिगेलो यांनी खडा फोडून त्याचा चुरा एकाच बैठकीत बाहेर काढण्याची रीत आणली. होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन यांनी १८८० च्या दशकात तीच रीत लहान मुलांवर यशस्वी करून दाखविली.

मूत्रपिंडापर्यंत सिव्हिआल यांची नळी कधीच पोहोचली नाही. तेथील खड्यासाठी १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पाठीतून छिद्राची वाट निघाली, १९८० मध्ये म्युनिकला ध्वनिलहरींचा मारा सुरू झाला. आता थुलियम लेझर खड्याची धूळ करू लागला आहे, नळ्या अधिक बारीक झाल्या आहेत आणि चुरा शोषून घेण्याची सोयही त्यांत आली आहे. तरीही दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी पाठीतील छिद्रालाच सहसा पहिली पसंती मिळते. ही मर्यादा नवी उपकरणे ओलांडतील काय, हा शल्यविशारदांपुढील प्रश्न आहे आणि त्यासाठी मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक तुलनेला १८३५ मधील तोच आक्षेप आजही घेतला जातो.